मेटार वाचताना आधी ‘ऑटो’ शोधा

वैमानिकीचे नवे विद्यार्थी मेटार (विमानतळाचा हवामान अहवाल) उघडला की थेट वाऱ्याच्या आकड्यांवर जातात. त्याआधी दोन गोष्टी बघा: वेळ आणि ‘ऑटो’ हा शब्द. १२११३०झेड म्हणजे १२ तारखेचं, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ११:३० चं निरीक्षण. ती स्थानिक वेळ धरलीत की सगळं गणित फसलं. नेहमीचा मेटार तासाने किंवा अर्ध्या तासाने निघतो. मध्येच हवा बरीच बदलली तर स्पेसी, म्हणजे खास अहवाल, निघतो.

‘ऑटो’ असेल तर अहवाल निव्वळ यंत्राचा. ढगाची उंची सीलोमीटर मोजतो: लेझरचा झोत सरळ वर सोडायचा आणि तो ढगावरून परत यायला लागलेल्या वेळेवरून उंची काढायची. त्याला दिसतो तो डोक्यावरचा एवढासा ठिपका. वरून सरकणाऱ्या ढगांच्या नोंदी काही मिनिटं जमवून तो आभाळ किती झाकलंय ते ठरवतो. वारा पडलेला असेल आणि ढगांचा थर बाजूलाच अडून बसला असेल, तर यंत्राच्या लेखी आभाळ मोकळं! म्हणून ‘एनसीडी’चा अर्थ ‘ढग सापडले नाहीत’ एवढाच घ्या. दृश्यमानतेचा सेन्सरही आपल्या दोन टोकांमधल्या थोड्याशा हवेत प्रकाश किती विखुरतो ते मोजतो. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाला धुकं बसलंय हे त्याच्या गावीही नसतं. तिरक्या रेघा दिसल्या तर ती माहिती मिळालेली नाही. शून्य समजू नका.

माणूस चौफेर बघतो. तो देतो ती प्रचलित दृश्यमानता, म्हणजे क्षितिजाच्या निदान अर्ध्या वर्तुळात तरी मिळणारं अंतर. दूरवर उभा राहिलेला क्युम्युलोनिंबस (गडगडाटी वादळाचा ढग) तो ओळखतो. अंधाऱ्या रात्री मात्र त्याचीही पंचाईत होते.

तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे थेंब होऊ लागतात) १८/१७ असे जवळजवळ दिसले की धुक्यासाठी सावध व्हा, विशेषतः संध्याकाळी. दोन्ही आकडे पूर्णांकात केलेले असतात, त्यामुळे खरं अंतर जवळपास शून्यही असू शकतं.

मेटारमधला वारा खऱ्या उत्तरेपासून मोजलेला असतो, टॉवर आणि एटिस (विमानतळाची रेडिओवर सतत चालणारी रेकॉर्ड केलेली माहिती) सांगतात तो चुंबकीय. धावपट्टीचा क्रमांकही बहुधा चुंबकीयच, तेव्हा क्रॉसविंड (धावपट्टीला आडवा वारा) काढताना सरमिसळ नको.

एटिस ऐकताना त्या माहितीचं अक्षर (ब्राव्हो, चार्ली असं, दर नव्या माहितीला पुढचं) आणि क्यूएनएच (उंचीमापकात लावायचा, समुद्रसपाटीवर आणलेला हवेचा दाब) लगेच कागदावर उतरवा. क्यूएनएचमध्ये १० हेक्टोपास्कल चुकले तर उंचीमापक सुमारे ३०० फूट खोटं दाखवतो. पहिल्या संपर्कात ‘माहिती ब्राव्हो मिळाली’ म्हणालात आणि तोवर चार्ली लागू झालेली असेल, तर आकडे नव्याने घ्यावे लागतात.