अतिवृष्टीचं अनुदान खात्यावर येईपर्यंत काय काय करायचं

मदत जाहीर झाली की पारावर चर्चा फक्त आकड्यांची होते. पैसे अडकतात ते तीनच ठिकाणी: पंचनाम्यातली ओळ, यादीतला क्रमांक आणि बँकेची आधार जोडणी.

सुरुवात पंचनाम्यापासून. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून तो करतात. नुकसान 33 टक्क्यांच्या वर असलं तरच पीक पात्र ठरतं. महसूल मंडळात (म्हणजे काही गावांच्या गटात) 24 तासांत 65 मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पण पाऊस वरच्या भागात पडून तुमचं रान नदीनं बुडवलं असेल, तर कारणात 'पूर' लिहून घ्या. गट नंबर, पीक, जिरायत की बागायत, बाधित क्षेत्र किती आर, हे समोर उभं राहून वाचून घ्या. सातबाऱ्यावर ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाइलवरून केलेल्या पीक नोंदीत, सोयाबीन आणि पंचनाम्यात कापूस असं झालं, की पुढे हेलपाटे ठरलेले. पाणी ओसरायच्या आत तारखेसह फोटो काढून ठेवा. माती खरडून गेली असेल किंवा जनावर दगावलं असेल, तर त्याचे पंचनामे वेगळे असतात; जनावरासाठी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला बोलवा, पुरायची घाई करू नका.

किती मिळेल? 2022 मध्ये ठरलेल्या आपत्ती निधीच्या दरानं जिरायतीला हेक्टरी 8,500, बागायतीला 17,000 आणि बहुवार्षिक पिकाला 22,500 रुपये, 2 हेक्टरपर्यंत. म्हणजे जिरायतीत गुंठ्याला जेमतेम पंच्याऐंशी रुपये! 2025 च्या खरिपात राज्यानं मर्यादा 3 हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी 10,000 वेगळे दिले. दर आणि मर्यादा त्या-त्या वेळच्या शासन निर्णयात बघा, व्हॉट्सअपवरच्या फोटोत नको.

मग यादी लागते. तुमच्या नावापुढे एक विशिष्ट क्रमांक असतो, ज्याला सगळे 'व्हीके नंबर' म्हणतात. तो आणि आधार कार्ड घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जा. पडद्यावर नाव, क्षेत्र, रक्कम दिसते. घाईत अंगठा टेकवू नका. क्षेत्र कमी दिसलं तर मान्य करायच्या आधीच तक्रार नोंदवायला सांगा आणि तहसीलला लेखी अर्ज देऊन पोच घ्या. कापूस वेचून बोटं घासलेल्या म्हाताऱ्या माणसांचा ठसा मशिन घेत नाही. अंगठा हट्टानं दाबत बसण्यापेक्षा हात धुऊन, पुसून दुसरं बोट लावून बघा. तरीही जमलं नाही तर आधार केंद्रावर ठसे अद्ययावत करून घ्या. 2025 च्या मदतीत ॲग्रिस्टॅकचा, म्हणजे सरकारच्या डिजिटल शेतकरी नोंदणीचा, शेतकरी ओळख क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून, म्हणजे या अंगठ्याच्या पडताळणीतून, सूट होती, त्यामुळे तो काढलेला बरा.

सातबाऱ्यावर जमिनीचं सामायिक खातं असेल तर बाकीच्या भावांचं संमतीपत्र लागतं. खातेदार वारला असेल तर आधी वारस नोंद. ही दोन कामं पाऊस पडायच्या आधीच उरकावीत, कारण नंतर तलाठी सापडत नाही आणि भावांचं मतही बदललेलं असतं.

पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि ते तुम्ही रोज वापरता तेच खातं असेल असं नाही. कधीकाळी गॅसच्या सबसिडीसाठी उघडलेल्या जुन्या बँकेत रक्कम पडून असते आणि माणूस तहसीलला खेटे घालत राहतो. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते, तिथं बँकेचं नाव आणि जोडणी चालू आहे का ते बघा.

पीक विमा हा वेगळा विषय. विमा भरला नाही म्हणून पंचनामा होणार नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

रक्कम आली आणि बँकेनं ती परस्पर कर्जखात्यात वळवली, तर मदतीच्या शासन निर्णयात अशी वसुली करू नये असं कलम असतं. त्याची प्रत काढा, शाखाधिकाऱ्याला अर्ज द्या आणि दुसरी प्रत तहसीलदारांना.