मीडिया बदलण्याआधी कणसाकडे बघा

मक्याच्या टिश्यू कल्चरमधले माझे पहिले सात महिने मीडियातलं, म्हणजे भ्रूण ज्या पोषक जेलवर वाढवतो त्यातलं, २,४-डी हे वाढीचं संप्रेरक कमीजास्त करण्यात गेले. कोवळा भ्रूण काढून स्क्युटेलमची (भ्रूणाच्या ढालीसारख्या बीजपत्राची) बाजू वर ठेवायची, प्लेट अंधारात ठेवायची, हे तुम्हाला येतंच. माझंही तिथं चुकत नव्हतं. चुकलं कणसात.

करवीर तालुक्यात मामांच्या शेतात हायब्रिड मका होता, कणसं तिथूनच आणायचो. एका कणसाचे भ्रूण जुन्या मीडियावर, दुसऱ्याचे प्रोलीन (एक अमिनो आम्ल) वाढवलेल्यावर. दुसऱ्याला भुसभुशीत कॅलस (रोप घडू शकेल असा पेशींचा गोळा) आला, कोंब फुटले. पंधरा दिवसांनी तिसरं कणीस, तोच मीडिया, आणि नुसते पाणचट तपकिरी गोळे.

हे नीट समजून घ्या. हायब्रिडचं झाड एफ-१, म्हणजे दोन ओळींच्या संकराची पहिली पिढी असतं, त्याच्या कणसातला दाणा एफ-१ नसतो. पराग वाऱ्यानं येतो, बाप कुठलाही असू शकतो आणि जनुकं दाण्यागणिक नव्यानं वाटली जातात. एका कणसातले शेकडो भ्रूण म्हणजे शेकडो वेगळी भावंडं. प्लेटवर आपण भ्रूण ठेवतो, झाड नाही. त्यामुळं जनुकांचं श्रेय मी प्रोलीनला देऊन बसलो होतो. प्रोलीनचा उपयोग होतो, पण माझ्या प्रयोगातून ते सिद्ध होत नव्हतं.

जातिवंत (इनब्रेड) ओळ घ्या, सेल्फ करा म्हणजे त्याच झाडाचा पराग त्याच्याच कणसाला द्या, आणि प्रत्येक कणसाचे भ्रूण सगळ्या मीडियांवर सारखे वाटा. एक कणीस एका मीडियाला कधीच देऊ नका.

ओळसुद्धा विचारून घ्या. १९७५ मध्ये ग्रीन आणि फिलिप्स यांनी कोवळ्या भ्रूणांपासून रोपं उभी केली, त्यात ए१८८ ही ओळ होती. बी७३ शेतात उत्तम, पण कल्चरमध्ये हट्टी. या दोघींच्या संकरातून निवडत १९९१ मध्ये कल्चरमध्ये सहज वाढणारी हाय-टू तयार झाली. नवव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवरचा ए१८८ चा एक भाग कल्चरमध्ये चांगलं वाढण्याच्या गुणाशी जोडलेला सापडला. म्हणजे हा गुण संकरातून दुसऱ्या ओळीत आणता येतो. तुमच्या प्लेटा काळ्या पडत असतील तर स्वतःच्या हाताला दोष देऊ नका, आधी ओळ तपासा. ओळीचं नाव नसलेला सिनियरचा प्रोटोकॉल माझ्या मते रद्दी आहे, आणि ओळ न विचारता 'कॉन्सन्ट्रेशन वाढव' म्हणणाऱ्या गाईडना तुम्हीच ओळ सांगा.

सेल्फिंगला रब्बी बरी. इथल्या जुलैच्या पावसात पिशव्या भिजतात, परागाच्या गाठी होतात. कणसाला केस दिसायच्या आत पिशवी घाला, तारीख लिहा, आणि दिवस मोजत बसण्यापेक्षा भ्रूण दीड मिलिमीटरचा झालाय का ते एक दाणा फोडून बघा.