मूल तुमच्याकडे आलं, पोटगीचा आदेश मात्र जुनाच? तो असा बदलून घ्या

मूल राहायला आलं म्हणून पोटगीचा आदेश आपोआप बदलत नाही. सोलापूरच्या कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यावर मात्र छातीठोक सल्ला मिळतो, 'पोरगं तुझ्याकडंच आहे ना, मग पैसे बंद कर.' असं ऐकून पैसे थांबवलेली माणसं पुढे वसुलीची नोटीस घेऊन माझ्याकडे येतात. थकलेल्या प्रत्येक महिन्यापोटी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आदेश बदलेपर्यंत रक्कम भरत राहा, तीही बँकेतूनच. ओढाताण होत असेल तर बदलाच्या अर्जासोबत अंतरिम स्थगिती मागा, म्हणजे अर्जाचा निकाल लागेपर्यंत जुन्या आदेशाची अंमलबजावणी थांबवायला सांगा. आणि अर्ज लगेच करा. बदल फार तर अर्जाच्या तारखेपासून मिळेल, असं धरूनच चाला.

आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल काढा आणि तो कोणत्या कायद्याखाली झालाय ते बघा. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५चा असेल, तर बदलासाठी पूर्वी कलम १२७ होतं. १ जुलै २०२४पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४६ आहे. हिंदू विवाह कायद्यात मुलांसाठी कलम २६, कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम २५. पत्नीची पोटगी वेगळी आहे, त्या रकमेला हात लावू नका. फक्त मुलाच्या रकमेबद्दल मागा.

खरी अडचण पुढे आहे: मूल नेमकं कोणत्या तारखेपासून तुमच्याकडे राहतंय, हे सिद्ध करणं.

वकिलीच्या सुरुवातीला, यंत्रमागावर काम करणाऱ्या एका बापाच्या अर्जात मी 'गड्ड्याच्या जत्रेपासून मुलगी अर्जदाराकडे आहे' एवढंच लिहिलं. सोलापूरची ही जत्रा बरेच दिवस चालते. उलटतपासात प्रश्न आले. जत्रेच्या कोणत्या दिवशी? दुसऱ्या दिवशी शाळेत कुठून गेली? शाळेत पत्ता कोणाचा? त्याला एकाचंही उत्तर देता आलं नाही. अर्ज फेटाळला गेला. पोरगी त्याच्या घरात जेवत होती आणि तिचे पैसे तो दुसऱ्या घरी भरत होता. चूक माझी होती. तेव्हापासून तारीख आणि तिचा कागद हातात आल्याशिवाय मी अर्ज लिहायला घेत नाही.

कागद रोजच्या जगण्यातलेच लागतात. शाळेत बदललेला पत्ता, प्रगतिपुस्तकावरची सही, शिकवणीच्या पावत्या, दवाखान्याची कार्डं. शाळेच्या रिक्षावाल्या काकांची साक्ष मी फार मोलाची मानते, कारण मूल रोज कुठल्या दारातून बाहेर पडतं हे त्यांना ठाऊक असतं. नगरसेवकाच्या दाखल्यामागे धावू नका. त्यांनी मुलाला त्या घरात पाहिलेलंच नसतं. 'उद्यापासून पोरगी तुझ्याकडेच राहू दे' असा समोरच्याचा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर तो सगळ्यांत भक्कम पुरावा. फोनमधून तो पुसू नका, नंबर आणि तारीख दिसेल अशी प्रत काढा, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र जोडा.

मूल चार दिवस इकडे, तीन दिवस तिकडे असेल तर तसंच लिहा. अशा वेळी पोटगी रद्द करायला सांगू नका, कमी करायला सांगा. फी, रिक्षा, औषधं, कपडे यांतलं कोण काय भरतं त्याचा महिन्याचा तक्ता द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर आलेलं मूल म्हणजे परिस्थिती बदलली असं होत नाही.

आणि मुलाला पढवू नका. न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलू शकतात. पाठ केलेली वाक्यं तिथे लगेच कळतात, आणि आईबापाविरुद्ध बोलल्याचं ओझं ते लेकरू वर्षानुवर्षं वाहतं. हे मी पाहिलंय.

उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र दोघांनाही द्यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा या ४ नोव्हेंबर २०२०च्या निकालापासून त्याचा नमुना ठरलेला आहे. खरं भरा.

दोघांचं पटत असेल तर नोटरीच्या कागदावर थांबू नका. त्याने कोर्टाचा आदेश बदलत नाही. तडजोड पुरशीस, म्हणजे तडजोडीचं लेखी निवेदन, कोर्टात दाखल करून तसा आदेश घ्या.

हाच रस्ता उलटही चालतो. मूल बापाकडून परत आलं असेल तर विडी वळणारी आईसुद्धा वाढीव रक्कम मागू शकते. बाईला उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

नवा आदेश झाला की त्याच दिवशी नकलेचा अर्ज टाका. पोटगी पगारातून कापली जात असेल, तर ती नक्कल कारखान्याच्या ऑफिसात देऊन पोच घ्या. कोर्टाचा कागद हातात येईपर्यंत तिथला क्लार्क कपात थांबवणार नाही.