खर्चाला वार ठरवून द्या

पगार झाला की पहिले आठ दिवस घरात चंगळ आणि अठरा-वीस तारखेला पाकिटात फक्त चिल्लर, हे आमच्याकडे जवळजवळ चार वर्षं चाललं. मिस्टर जळगावात एका कंपनीत, मी घरी शिवणकाम करते, दोन मुलं, सासर चोपडा तालुक्यात, तिथे थोडी कपाशी आणि दादर. म्हणजे ज्वारी घरची, कोणाला काही व्यसन नाही, हॉटेलात जाणं महिन्यातून एखाद वेळा, तरी पुरत नव्हतं आणि पैसा जातो कुठे तेच कळत नव्हतं.

एका रविवारी फोनमधली महिन्याभराची यूपीआयची हिस्ट्री काढली आणि मुलाच्या जुन्या वहीत एकेक आकडा उतरवला. ९४ पेमेंट निघाले. त्यातले ६१ शंभराच्या आतले, आणि त्यांचीच बेरीज ३,८७० रुपये. उधळपट्टी म्हणावी असं त्यात एकही नव्हतं बरं का. कोथिंबीर १०, पेन्सिल आणि खोडरबर १५, रिक्षा २०, कोपऱ्यावरून दोन वडापाव, दही घ्यायला गेलो आणि सोबत वेफर्स, बिस्किट, पोराने हट्ट केला म्हणून कोल्ड्रिंक. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं, पण दिवसातून तीनदा दुकानाची पायरी चढलो की दुकानदार काही रिकाम्या हाताने पाठवत नाही.

तेव्हा मला गावाकडची पद्धत आठवली. सासूबाई फक्त बुधवारी बाजारात जायच्या. बाकी सहा दिवस घरातून रुपया बाहेर जायचा नाही, मीठ संपलं तर शेजारून वाटीभर आणायचं आणि बुधवारी परत करायचं. बाजाराला निघायच्या आधी त्या स्वयंपाकघरातला एकेक डबा उघडून हलवून बघायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पहिल्यांदा हेच शिकवलं, "घरमा काय शे ते पयले देख, मंग बजारले जाय." तीच पद्धत मी शहरात आणली. आता तीन वर्षं झाली. कशी बसवायची ते सांगते.

पहिला महिना काही बदलू नका, फक्त लिहा. ॲप नको, वहीच घ्या आणि रात्री जेवणं झाल्यावर मागची भांडी आवरायच्या आत लिहून टाका, सकाळवर ढकललं की निम्मं विसरतं. घरातल्या सगळ्यांनी सांगायचं, मिस्टरांचा चहासुद्धा. ओरडायचं मात्र कोणावर नाही, ओरडलं की दुसऱ्या दिवसापासून खरं सांगत नाहीत.

महिना झाला की भाडं, वीजबिल, शाळेची फी, गॅस, दूध, हप्ते हे बाजूला काढा. उरला तो वरखर्च. आमचा निघाला ९,१०० रुपये. इथे बहुतेक लोक चुकतात. महिन्याला चारने भागतात आणि मग शेवटचे दोन-तीन दिवस कोरडे जातात. वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नाही. म्हणून ९,१०० गुणिले १२ म्हणजे १,०९,२००, त्याला ५२ ने भागायचं, आले २,१००. एवढेच आठवड्याचे, आणि ते रोख काढायचे. मी शुक्रवार धरलाय कारण शनिवारी मिस्टरांना सुट्टी असते आणि घरात स्वयंपाक जास्त होतो. तुमच्या भागात जो आठवडे बाजाराचा दिवस असेल तो धरला तर सगळ्यात सोपं.

रोखच का, तर २,१०० मधले १,४०० बाजारात गेले की पिशवी जड होते आणि पाकीट हलकं, ते हाताला कळतं. फोनवर कळत नाही. ज्यांना रोख जमतच नाही त्यांनी एक झिरो बॅलन्सचं दुसरं बचत खातं काढा, यूपीआय फक्त त्याला जोडा आणि दर शुक्रवारी तेवढीच रक्कम त्यात टाका. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलेलंच ठेवू नका. माझ्या जाऊबाईंनी असंच केलंय, त्यांचं छान चाललंय.

मधल्या दिवशी काही संपलं तर? फ्रीजच्या दाराला एक कागद लावलाय, त्यावर लिहायचं आणि शुक्रवारपर्यंत थांबायचं. औषध, दूध आणि शाळेचं काही असेल तर ते लगेच, बाकी सगळं थांबतं. शुक्रवारी कागद काढला की निम्म्या ओळी आपोआप खोडल्या जातात, कारण नवीन झाडू दोन दिवसांनी तेवढा गरजेचा वाटत नाही आणि मोहरी दुसऱ्या डब्यात सापडलेली असते.

आता भाजीचं. आठवड्याची भाजी एकदम आणली तर सडते अशी तक्रार मला सगळ्या बायका करतात. सडते, पण क्रम चुकतो म्हणून. पहिले दोन दिवस पालेभाजी, मेथी, पोकळा, कोथिंबीर. मग वांगी, गिलके, भेंडी. त्यानंतर गवार, कोबी, दुधी. आणि शेवटचे दोन दिवस भाजीच नको असं काहीतरी, आणि त्यात आपल्या खान्देशात काही कमी आहे का! पाटोडीची भाजी आहे, डुबुकवडे आहेत, फौजदारी डाळ आहे, पिठलं आणि कळण्याची भाकरी आहे. डाळीचं पीठ, कांदा, लसूण, खोबरं, काळा मसाला एवढ्यावर चौघांचं जेवण होतं आणि मुलं पोळीपेक्षा जास्त खातात. शेवभाजी तर मी बाहेरून आणणं बंदच केलं. पार्सल आणलं तर वाटीभर रस्सा आणि मूठभर शेव येते. घरी कांदा आणि सुकं खोबरं लोखंडी तव्यावर काळसर होईपर्यंत भाजायचं, लसूण-आलं घालून वाटायचं, तेलात ते वाटण कडेने तेल सोडेपर्यंत परतायचं, मग काळा मसाला, तिखट आणि वरून गरम पाणी. गार पाणी टाकलं की तर्री येत नाही. भाजीची जाड तिखट शेव ताटात बसल्यावरच टाकायची. पाव किलो शेवेत आमचं चौघांचं भागतं.

थंडीत भरताची वांगी भरपूर आणि स्वस्त येतात, तेव्हा हात सैल सोडा, आठवड्यातून दोनदा भरीत करा. उन्हाळ्यात तीच वांगी महाग आणि बियांनी भरलेली, तेव्हा हट्ट करायचा नाही. मुलांच्या मधल्या भुकेला केळी. आपण केळीच्या जिल्ह्यात राहून दहा-दहा रुपयांची पाकिटं फोडतो याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसरा मोठा भाग म्हणजे वर्षाचं भरणं. चैत्र-वैशाखात गहू, तूरडाळ, मिरची, हळद आणि उन्हाळी कांदा घेऊन ठेवायचा. आम्हाला चौघांना गहू दीड क्विंटल लागतो. हंगामात घेतला तर किलोमागे पाचेक रुपये सुटतात, म्हणजे वर्षाचे ७५०, हा काही फार मोठा आकडा नाही. पण दर महिन्याला गव्हासाठी किराणा दुकानात जाणं वाचतं आणि तिथे ज्या इतर चार वस्तू पिशवीत पडतात त्या वाचतात, फायदा खरा तिथे आहे.

भरताना घाई करू नका. पहिल्या वर्षी मी उन्हात वाळवलेले गहू गरम गरमच कोठीत ओतले, आत घाम धरला आणि श्रावणात उघडलं तर सोंडे. ४० किलो गहू निवडत बसले, डोळ्यात पाणी आलं. ऊन दिल्यावर रात्रभर सावलीत पसरून पूर्ण गार होऊ द्या, मग भरा, मधे मधे सुकलेला कडुनिंबाचा पाला. ओला पाला टाकाल तर बुरशी येते. तूरडाळीला एरंडेलाचा नुसता हात लावायचा, चिकट होईल इतकं नाही. कांदा रब्बीचाच घ्या, म्हणजे मार्च-एप्रिलनंतर निघतो तो, तो चार-पाच महिने टिकतो, पावसाळी कांदा टिकत नाही. हवा खेळेल असा पसरून ठेवायचा आणि बटाट्याजवळ ठेवायचा नाही. मिरची आमच्याकडे नंदुरबारची येते, चार घरं मिळून एकदम घेतो आणि वाटून घेतो. उडदाचे पापड, कुरडया, बिबड्या हेही गल्लीतल्या बायका मिळूनच करतो. आज माझ्याकडे, उद्या समोरच्या ताईंकडे, म्हणजे मजुरी कोणालाच द्यावी लागत नाही. आणि पावसाळ्यात भाजी महाग झाली की पापडाची भाजी त्या दिवशीचा बाजार वाचवते.

विजेचं थोडक्यात सांगते. घरगुती बिलात १०० युनिटपर्यंत एक दर आहे आणि त्यावरच्या युनिटला दर जवळपास दुपटीने लागतो, फक्त वरच्या युनिटला, सगळ्यांना नाही. जुना पंखा साधारण ७५ वॅट घेतो, नवीन बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास. रोज १५ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला २० युनिट वाचतात, आणि बिल १०० युनिटच्या वर जात असेल तर ते वरच्या महाग टप्प्यातले वाचतात. एकदम सगळे नका बदलू, जो सगळ्यात जास्त फिरतो तो आधी. कूलरचं गवत मार्चच्या सुरुवातीलाच बदलून घ्या, एप्रिलमध्ये पारा चढला की गवतही महाग आणि माणूसही मिळत नाही. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते, गार होत नाही, आणि मग लोकांना वाटतं आता एसीच घ्यावा.

चोपड्याला जाताना मी एसटीनेच जाते. २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि सासूबाईंचं वय ७५ च्या वर असल्यामुळे त्यांना तर तिकीटच नाही. गाडीत पेट्रोल टाकून सगळे जाण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आता ज्या खर्चाने सगळं गणित कोसळतं तो. जूनची वह्या-पुस्तकं, गाडीचा इन्शुरन्स, अखाजीला म्हणजे अक्षय तृतीयेला नणंदा येतात त्यांच्या साड्या, श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट, दिवाळी, आणि लग्नसराईतले आहेर. हे सगळं दरवर्षी येतं, तारीखसुद्धा माहीत असते, तरी प्रत्येक वेळी आपण अचानक आल्यासारखं उसने मागत फिरतो. मागच्या वर्षीच्या आहेरांची वही काढा, सगळ्याची बेरीज करा, बाराने भागा आणि पगार झाला त्याच दिवशी तेवढे वेगळे काढा. आमचे महिन्याला २,४०० निघतात. ते घरात ठेवायचे नाहीत, घरात ठेवले की जातात. शेतीवाल्यांना पगार नसतो, त्यांनी कापसाचा किंवा केळीचा पैसा आला की आधी दुकानाची उधारी, मग ही वर्षाची रक्कम, आणि त्यानंतर मोटरसायकल वगैरे. हा क्रम उलटा झाल्यामुळे होळीपर्यंत हात रिकामे झालेली घरं मी माहेरीही पाहिलीत आणि सासरीही.

पैसे कुठे ठेवायचे याबद्दल मला पोटतिडकीने सांगायचंय. माझ्या वडिलांनी निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत ठेवले होते, व्याज दीड-दोन टक्के जास्त होतं एवढ्यासाठी. ती संस्था अडचणीत आली आणि आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला स्वतःचेच पैसे काढता आले नाहीत, भावाने उसने आणले. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो, २०२० च्या फेब्रुवारीपासून तो १ लाखावरून वाढवलाय, सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. जास्त व्याज दिसलं की हा एक प्रश्न विचारा, विमा आहे का. मी पोस्टात आरडी काढलीय, महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची. भिशी लावते, पण फक्त गल्लीतली आणि जेवढे बुडाले तरी झोप उडणार नाही तेवढीच.

काही ठिकाणी हात आखडू नका. मुलांचं दूध, डॉक्टर, चांगलं हेल्मेट, यात कमी करू नका, आणि उन्हात बसलेल्या भाजीवाल्या आजीकडे पाच रुपयांसाठी घासाघीसही नको. मॉलमध्ये एमआरपी गुपचूप देतो आणि तिच्याशी भांडतो, हे मला पटत नाही. औषधात मात्र डॉक्टरांना विचारून जेनेरिक घ्या, जनऔषधी दुकानात सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या निम्म्याहून कमी पैशात येतात.

आठवड्याचे पैसे उरले तर पुढच्या आठवड्यात मिसळू नका. आम्ही गुरुवारी रात्री पाकिटातले उरलेले बिबड्यांच्या रिकाम्या डब्यात टाकतो, कधी ३०, कधी २०० आणि एखाद्या आठवड्यात काहीच नाही. डबा अखाजीच्या आदल्या दिवशी मुलं उघडतात आणि मोजतात. यंदा ४,६१० निघाले, त्यात पत्र्याची नवीन कोठी आणली, झाकण घट्ट बसतंय ना ते सासूबाईंनी दुकानातच तीनदा उघडून बघितलं.