ज्युपिटरच्या कंटेनरमधे गिटहब सीएलआय कसं बसवायचं (आणि टोकन कुठे ठेवायचं नाही)

आमच्या पायथनच्या बॅचला मी ज्युपिटरहब (ब्राउझरमधे कोड लिहायच्या ज्युपिटर नोटबुका सगळ्यांना एका सर्व्हरवरून देणारं सॉफ्टवेअर) वापरते, मुलं ब्राउझर उघडतात, लॉगिन करतात आणि प्रत्येकाला आपापला कंटेनर, म्हणजे सर्व्हरवरचा स्वतंत्र कप्पा, मिळतो, कोणाच्या लॅपटॉपवर काय आहे काय नाही ही कटकटच नाही. पण असाइनमेंट गिटहबवर (कोड ठेवायची साइट) पुश करायची, म्हणजे चढवायची, वेळ आली की गाडी अडते. १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटसाठी (कोडमधले बदल नोंदवणारं टूल) गिटहब पासवर्ड घेतच नाही, टोकन (पासवर्डऐवजी चालणारी लांब गुप्त अक्षरं) नाहीतर एसएसएच की (ओळख पटवणारी फाइलींची जोडी) लागते, आणि नवख्या मुलांना पहिल्याच आठवड्यात की बनवायला बसवलं की अख्खा तास त्यातच जातो. यावर मला सगळ्यात सोपं वाटलं ते गिटहब सीएलआय, म्हणजे टर्मिनलमधे जीएच टाइप करून चालतं ते टूल.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करा: टूल इमेजमधे (ज्या साच्यावरून प्रत्येकाचा कंटेनर बनतो) टाकायचं, टोकन ज्याचं त्याने स्वतः लॉगिन करून आणायचं. हे मी जीव तोडून सांगतेय कारण एका बॅचला घाईघाईत मी माझंच टोकन डॉकरफाइलमधे (इमेज बनवायच्या सूचनांची फाइल) एन्व्ह, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, लिहून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी एका मुलीने सहज प्रिंटएन्व्ह (अशी सगळी व्हेरिएबल दाखवणारी कमांड) मारलं आणि स्क्रीनवर माझं टोकन, जसंच्या तसं. लगेच रद्द केलं, पण तोपर्यंत सगळ्यांचे पुश माझ्या खात्यातूनच गेले होते. पुढच्या ओळीत डिलीट करून पण उपयोग नसतो, इमेजच्या आधीच्या लेयरमधे, म्हणजे थरात, ते राहतंच आणि डॉकर हिस्टरी कमांडने एन्व्ह काय, बिल्डच्या वेळी दिलेलं आर्ग काय, सगळं दिसतं.

आता इमेज. ज्युपिटरच्या तयार इमेजपैकी मिनिमल नोटबुक घ्या, बेस नोटबुकमधे गिट नसतं आणि गिटशिवाय जीएच घेऊन करायचं काय. मग डॉकरफाइलमधे एक रनची ओळ, मांबा (पॅकेज बसवणारं टूल) इन्स्टॉल करून कोंडा-फोर्ज या पॅकेजच्या संग्रहातलं जीएच पॅकेज, व्हर्जन नंबर लिहूनच, आणि त्याच ओळीत शेवटी मांबा क्लीन. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) व्हायचीही गरज नाही. बिल्ड झालं की कंटेनर चालू करून जीएचचं व्हर्जन विचारून बघा, आणि इमेजला लेटेस्ट न म्हणता तारखेचा टॅग द्या, म्हणजे कोणाकडे जुनी इमेज चालू आहे ते लगेच कळतं.

इथे एक गोची होते. काहीजण जीएचची बायनरी (तयार प्रोग्रामची फाइल) डाउनलोड करून होम फोल्डरमधे ठेवतात, घरच्या मशीनवर मस्त चालतं, हबवर गेलं की गायब! कारण कुबरनेटिसवरच्या (अनेक मशीनवर कंटेनर चालवणारी यंत्रणा) हबमधे विद्यार्थ्याची कायमची डिस्क होम जोव्हियन या होम फोल्डरवरच येऊन बसते आणि इमेजमधलं त्या जागेचं सगळं झाकून टाकते. कोंडाने टाकलं की ते ऑप्ट कोंडा या फोल्डरमधे जातं, तिथे हा त्रास नाही.

आता वर्गात. प्रत्येकाने टर्मिनल उघडून जीएच ऑथ लॉगिन मारायचं. गिटहब डॉट कॉम निवडा, प्रोटोकॉल एचटीटीपीएस, गिटलाही हेच लॉगिन वापरू का विचारलं की हो, आणि लॉगिन ब्राउझरने. मग आठ अक्षरांचा कोड येतो, मधे एक डॅश. एंटर मारल्यावर ब्राउझर उघडता आला नाही असं काहीतरी येईल, मुलं इथे घाबरतात, पण कंटेनरमधे ब्राउझरच नाही तर उघडणार कुठून. आपल्या लॅपटॉपच्या दुसऱ्या टॅबमधे गिटहब डॉट कॉम स्लॅश लॉगिन स्लॅश डिव्हाइस उघडा, कोड टाका, परवानगी द्या, टर्मिनल आपोआप पुढे सरकतं. कोड १५ मिनिटंच चालतो, त्यामुळे ज्यांचं गिटहब खातंच नाही त्यांना ते आदल्या दिवशी काढायला सांगा.

लॉगिन करताना एन्व्हायर्नमेंटमधलंच जीएच टोकन वापरतोय असं काही म्हणून ते अडलं, तर कुठेतरी जुनं व्हेरिएबल शिल्लक आहे, ते अनसेट करा. शेवटी जीएच ऑथ स्टेटस, तिथे स्वतःचंच नाव दिसलं पाहिजे. गिट कॉन्फिगमधे नाव आणि ईमेल मात्र वेगळं टाकावं लागतं, लॉगिनने ते भरलं जात नाही आणि पहिलीच कमिट (बदलांची नोंद) अडते.

टोकन नेमकं जातं कुठे हेही मुलांना उघडून दाखवा. कंटेनरमधे कीरिंग (पासवर्ड सुरक्षित ठेवायची सोय) नसते म्हणून ते होममधल्या डॉट कॉन्फिग, जीएच, होस्ट्स डॉट वायएमएल या फाइलमधे साध्या अक्षरात बसतं. डिस्क कायमची असल्यामुळे सर्व्हर बंद होऊन परत चालू झाला तरी पुन्हा लॉगिन लागत नाही, पण हबचा ॲडमिन ती फाइल वाचू शकतो, म्हणजे मीही, आणि हे मी बॅचला पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगते. होम फोल्डर झिप करून कोणाला पाठवायचं नाही. कोर्स संपला की जीएच ऑथ लॉगआउट, पण त्याने फक्त इथली नोंद जाते, म्हणून गिटहबच्या सेटिंग्जमधे ॲप्लिकेशन्समधे जाऊन गिटहब सीएलआयची परवानगी पण काढायला लावा, शेवटच्या तासाला, सगळे समोर बसलेले असतानाच.