जलद वाचन शिकताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला तीन भाषांत वाचावं लागतं. दहावीपर्यंतचा अभ्यास मराठीत, सरकारी कागद कन्नडमध्ये आणि पीयूसीला (अकरावी-बारावीला) सायन्स घेतलं की पुस्तकं इंग्रजीत. जलद वाचनाचे व्हिडिओ आणि क्लास मात्र बहुतेक इंग्रजी पानावर बेतलेले असतात. त्यातल्या युक्त्या जशाच्या तशा मराठी किंवा कन्नड मजकुरावर लावल्या की पानं भराभर उलटतात आणि डोक्यात काही राहत नाही. अशा वेळी दोष बुद्धीचा नसतो, पद्धत चुकलेली असते.

मिनिटाला हजार शब्दांचं आमिष

वाचताना डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही. तो उडी मारतो, थांबतो, पुन्हा उडी मारतो, आणि वाचन होतं ते थांब्यावर. एक थांबा साधारण पाव सेकंदाचा, म्हणजे मिनिटाला फार तर २४० थांबे. नजरेचा अगदी स्पष्ट दिसणारा भाग जेमतेम २ अंशांचा असतो. पुस्तक ४० सेंटीमीटरवर धरलं तर हा भाग दीड सेंटीमीटरच्या आसपास भरतो. एवढ्या जागेत मराठीचा एखादा मोठा किंवा दोन छोटे शब्द मावतात. त्यामुळे ‘अख्खा परिच्छेद एका नजरेत टिपा’ हा सल्ला सोडून द्या. वर्तमानपत्राच्या चार सेंटीमीटरच्या कॉलमलाही ओळीमागे दोन-तीन थांबे लागतातच. सरावाने नको असलेले थांबे कमी होतात, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

हजार शब्दांचा वेग गाठणारा माणूस प्रत्यक्षात मजकूर चाळत असतो. चाळणं हेही उपयोगाचं कौशल्य आहे, पण त्याला वाचन समजून परीक्षेला बसलात तर नुकसान होतं.

वेग चुकीचा मोजणं

दहा ओळींतले शब्द मोजा आणि दहाने भागा, म्हणजे ओळीमागची सरासरी मिळते. मोबाइलवर ३ मिनिटांचा टायमर लावून वाचा. वाचलेल्या ओळींना सरासरीने गुणा, ३ ने भागा. इथपर्यंत सगळे करतात. पुढची पायरी बहुतेकांची राहते: पुस्तक मिटून त्या मजकुरावरच्या दहा प्रश्नांची उत्तरं लिहिणं. प्रश्न दुसऱ्याने काढलेले असावेत, स्वतः काढलेले प्रश्न सोपे होतात. मिनिटाला २०० शब्द वाचून आठ उत्तरं बरोबर आली तर खरा वेग १६० धरा. ३२० वाचून चारच आली तर तो १२८. दुसरा वाचक जोरात पळाला, पण मागेच राहिला.

तिन्ही भाषांची नोंद वेगवेगळी ठेवा. ‘घरासमोरच्या’ हा मराठीत एक शब्द आहे, तेवढंच सांगायला इंग्रजीत चार-पाच शब्द खर्ची पडतात. कन्नडमध्येही प्रत्यय शब्दाला चिकटतात. म्हणून मराठीचा आकडा इंग्रजीपेक्षा कमी दिसला तर निराश होऊ नका. तुलना आजच्या मराठीची मागच्या आठवड्यातल्या मराठीशी करायची.

वाक्याचा शेवट गाळणं

आमच्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. इंग्रजी वाक्यात क्रियापद आणि नकार बहुधा लवकर येतात, म्हणून वाक्याचा पुढचा भाग पकडून मागचा सोडला तरी बऱ्याचदा निभावतं. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांत निकाल शेवटी लागतो. नोटिशीतलं असं वाक्य घ्या: ‘ज्या विद्यार्थ्यांनी मागील वर्षी शिष्यवृत्ती घेतली आहे त्यांनी उत्पन्नाचा दाखला पुन्हा जोडण्याची आवश्यकता नाही.’ ‘पुन्हा जोडण्याची’पर्यंत वाचून नजर खाली उतरली तर माणूस दाखल्यासाठी विनाकारण नाडकचेरीच्या (स्थानिक महसूल कार्यालयाच्या) रांगेत उभा राहतो.

बातम्यांचंही तेच. ‘तालुक्यातील शाळांना मराठी शिक्षक देण्यात यावेत’ एवढं वाचून भागत नाही. पुढे ‘अशी मागणी’ आहे, ‘असा ठराव’ आहे की ‘असा आदेश’ आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

उपाय सोपा आहे. मराठी किंवा कन्नड मजकूर चाळताना प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द पूर्ण थांबून वाचा. पण, मात्र, तरीही, वगळता, खेरीज, नसल्यास हे शब्द दिसले की वेग आपोआप उतरला पाहिजे. ओळीच्या दोन्ही कडांचे शब्द सोडून मधूनच वाचण्याची जी युक्ती शिकवतात, ती मराठी पानावर वापरूच नका. क्रियापद कधीकधी नेमकं कडेलाच असतं.

एकामागून एक शब्द पडद्यावर दाखवणारी ॲपही याच कारणाने मराठीला कमी पडतात. लांब वाक्याचं क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरलेला असतो, आणि मागे बघायची सोय नसते.

पेन्सिल आणि पट्टी चुकीच्या जागी

ओळीखाली बोट किंवा पेन्सिल फिरवणं चांगलं, नजर भरकटत नाही. पण देवनागरीत अक्षराच्या खालीही मजकूर असतो. पेन्सिल ओळीला चिकटवली की उकार झाकला जातो, ‘पूर’चा ‘पर’ होतो आणि डोळा अडखळून मागे येतो. पेन्सिल दोन ओळींच्या मधल्या जागेच्या खालच्या अर्ध्यात ठेवा. वाचलेली ओळ झाकायला वरून कार्ड सरकवत असाल तर तेही शिरोरेषेला टेकवू नका, अनुस्वार आणि रफार जातात.

कन्नडमध्ये जास्तच जपावं लागतं. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर, म्हणजे ओत्तक्षर, बहुधा खाली लिहितात. शिवाय रफाराची जागा वेगळी. बसवर रोज दिसणारं ‘कर्नाटक’ बघा: आपल्याकडे रफार ‘ना’च्या डोक्यावर बसतो, कन्नडमध्ये ते चिन्ह ‘ना’च्या नंतर, उजव्या बाजूला येतं. मराठी वळणाचा डोळा ते आधी ‘ना’ वाचतो, मग सुधारायला मागे फिरतो. अशा शब्दांवरच अडत असाल तर वेगाचा सराव थांबवा. रोज १० मिनिटं कन्नड पाटी, बसचे फलक, बातम्यांचे मथळे मोठ्याने वाचा. ओत्तक्षरं नजरेत बसली की वेग पाठोपाठ येतो.

मनातला आवाज मारून टाकणं

प्राथमिक शाळेत प्रकट वाचनावर भर असतो, त्यामुळे मूक वाचनातही अनेकांचे ओठ हलतात. ते बंद करायलाच हवं, कारण ओठ हलले की वेग बोलण्याच्या वेगापुढे जात नाही. वाचताना ओठांवर बोट ठेवा, हालचाल लगेच कळते. मनात उमटणारा आवाज मात्र वेगळा. तो अर्थ धरून ठेवायला मदत करतो. तो दाबायला मनात आकडे मोजत वाचलं तर आकलन ढासळतं.

तीच गोष्ट मागे वळण्याची. सवयीने प्रत्येक ओळ दोनदा वाचणं वाईट, पण अर्थ तुटला म्हणून मागे जाणं योग्यच आहे. वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबा, मग गरज असेल तरच वळा.

अवघड पुस्तकावर वेगाचा सराव

मराठी माध्यमातून पीयूसीला गेलेल्या मुलांची गाडी इथे अडते. प्रकाशसंश्लेषण चांगलं समजलेलं असतं, पण ‘फोटोसिंथेसिस’पाशी नजर थबकते. शंभर शब्दांत पाचांहून जास्त शब्द अडत असतील तर ते पान वेगासाठी नाही. धडा उघडण्याआधी त्यातल्या दहा संज्ञा मराठी अर्थासह वहीत लिहा, तीनदा उच्चारा, मग वाचा. वेगाचा सराव त्याच विषयाच्या आठवी-नववीच्या सोप्या इंग्रजी पुस्तकावर करा.

रोज २० मिनिटं पुरतात. पहिली ५ मिनिटं सवयीच्या वेगाने, पुढची १० मिनिटं पेन्सिल थोडी जास्त वेगाने फिरवून, शेवटची ५ मिनिटं पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला. पेन्सिलचा वेग एकदम दुप्पट करू नका, दहावा हिस्सा वाढवा. वेग मोजताना दहापैकी किमान सात उत्तरं बरोबर आली नाहीत तर त्याच वेगावर आणखी चार दिवस. डोकं दुखत असेल किंवा ओळी एकमेकींत मिसळत असतील तर आधी डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर वेग घटला असेल तर कारण बहुधा चष्म्याचा नंबर असतो. हलत्या बसमध्ये वेग मोजू नका, तिथे डोळा पुस्तक स्थिर धरण्यातच दमतो.

वेग कुठे वापरायचाच नाही

जमिनीचा उतारा, कर्जाचा करार, औषधाची चिठ्ठी, गणिताचं उदाहरण. उताऱ्यावर सर्व्हे नंबर, क्षेत्र आणि नाव एकेक अक्षर बोट ठेवून वाचा, आणि कन्नड आकडे येत नसतील तर जाणत्याला शेजारी बसवा. एसएसएलसीच्या (दहावीच्या) परीक्षेत प्रश्नपत्रिका वाचायला सुरुवातीला मिळणारी १५ मिनिटंही घाईची नाहीत. प्रत्येक प्रश्नाचा शेवटचा शब्द बघा: स्पष्ट करा, फरक सांगा की फक्त नावं लिहा.