रस्ते अपघातात घरचं माणूस गेलं, तर भरपाईचा दावा कसा करावा

दिवसकार्य होईपर्यंत घरात कोणालाच कोर्टकचेरीचा विषय नको असतो, आणि ते साहजिकच आहे. तरीही पहिल्याच आठवड्यात नात्यातल्या एका खमक्या माणसावर कागदपत्रांची जबाबदारी सोपवा. दावा पुढे कितीही वर्षं चालो, त्याचं बरंवाईट बहुतेक वेळा सुरुवातीला गोळा केलेल्या कागदांवरच ठरतं. भरपाई मागणं म्हणजे गेलेल्या माणसाची किंमत करणं, हा विचारही मनातून काढून टाका. पोरांचं शिक्षण आणि आईचं औषधपाणी ज्याच्या कमाईवर चालत होतं, त्याच्या घराचा तो हक्क आहे. वाहनाचा विमा कायद्याने सक्तीचा केलाय तो याचसाठी.

आधी पोलीस ठाणं

एफआयआरची प्रत घ्या आणि नीट वाचा. वाहनाचा क्रमांक, वेळ, कोण कुठल्या दिशेने येत होतं, यात चूक असेल तर तपास अधिकाऱ्याला लगेच लेखी कळवा. मग घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि साक्षीदारांचे जबाब यांच्या प्रती मागा. वाटेत ढाबा, पेट्रोल पंप किंवा टोलनाका असेल तर तिथलं सीसीटीव्ही चित्रण ताब्यात घ्यायला लेखी सांगा, कारण ते काही दिवसांत पुसलं जातं. माणूस अपघातानंतर काही दिवस दवाखान्यात राहून गेलं असेल, तर तिथला एकही कागद टाकू नका. मृत्यू त्याच जखमांमुळे झाला हे त्यावरूनच सिद्ध होतं.

या दिवसांत गाडीमालकाची माणसं भेटायला येतात, थोडी रोख रक्कम पुढे करतात आणि ‘आमची काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही मागतात. सही करू नका.

१ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे, म्हणजे भरपाईचे दावे जिथे चालतात तिथे, द्यायचा असतो. तो गेला का, हे विचारत राहा.

दावा कुठे, कोणी, कधीपर्यंत

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. जिल्ह्याच्या ठिकाणी ते जिल्हा न्यायालयातच असतं. अपघात नाशिकला झाला आणि तुम्ही लातूरला राहत असाल, तर लातूरलाही दावा लावता येतो. नवरा किंवा बायको, मुलं, आईवडील असे कायदेशीर वारस अर्जदार होतात. लग्न झालेल्या मुलीला वगळायचं कारण नाही. समोर चालक, मालक आणि विमा कंपनी या तिघांनाही पक्षकार करा. विमा कोणाचा आहे ते गाडीच्या क्रमांकावरून एमपरिवाहन अ‍ॅपवर दिसतं.

मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिने. ती पाळाच. उलटून गेली असली तरी दावा बुडाला असं स्वतःच ठरवू नका. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, त्यामुळे आधी वकिलाला भेटा. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहत बसायचीही गरज नाही. तिथे चालक सुटला म्हणून इथला दावा आपोआप फेटाळला जात नाही, कारण इथे पुराव्याची कसोटी तितकी कडक नसते.

रक्कम कशी ठरते

सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी याचं गणित घालून दिलंय. समजा, ३४ वर्षांचा गवंडी गेला. कमाई महिना १५,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,८०,०००. स्वतःचा धंदा करणारा किंवा ठरावीक पगारावरचा माणूस चाळिशीच्या आतला असेल, तर पुढे कमाई वाढली असती म्हणून ४० टक्के मिळवतात (कायम नोकरी असेल तर ५०). झाले २,५२,०००. मागे बायको, दोन मुलं आणि आई असे चार अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी पाव हिस्सा वजा. उरले १,८९,०००. याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणतात. ३१ ते ३५ वयाला गुणक १६, म्हणजे ३०,२४,०००. सहवासाला मुकल्याबद्दलची, अंत्यविधीची आणि मालमत्तेच्या हानीची ठरावीक रक्कम यात आणखी मिळते, आणि अर्जाच्या तारखेपासून साधारणपणे व्याजही.

आता यात कळीचा आकडा कुठला, ते बघा. महिन्याचे १५,००० दहा हजारांवर आले, तर भरपाईतले दहा लाख जातात. म्हणून उत्पन्नाच्या पुराव्यावर सगळ्यात जास्त कष्ट घ्या. पगारपत्रक किंवा आयकर विवरण असेल तर उत्तमच. नसेल तर ठेकेदाराची साक्ष, बँकेचं पासबुक, माथाडी किंवा बांधकाम कामगार नोंदणी यांतलं जे मिळेल ते जोडा. शेतकरी गेला असेल तर ‘जमीन मागे आहेच की’ असं विमा कंपनी म्हणते. तो स्वतः राबत होता हे दाखवायला सातबाऱ्याच्या जोडीला डेअरीची बिलं, कारखान्याची ऊसबिलं लावा. गृहिणी गेली असेल तर ‘ती कमवत नव्हती’ हे कोणाकडूनही ऐकून घेऊ नका. घरकामाला आर्थिक मोल आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पुन्हा ठामपणे सांगितलंय.

वयासाठी आधारकार्डावर विसंबू नका, शाळा सोडल्याचा दाखला द्या. आयुर्विम्याचे पैसे मिळाले म्हणून भरपाईतून ते कापले जात नाहीत.

मृताचीही काही चूक ठरली तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम घटते. चूक कोणाची हे सिद्ध करणंच कठीण असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक न दाखवता ५ लाख मिळतात. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर २ लाखांची वेगळी योजना आहे. तिचा अर्ज प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात करायचा.

वकील आणि तडजोड

दवाखान्याच्या दारात गाठणाऱ्या दलालांकडून वकील घेऊ नका. कोऱ्या वकीलपत्रावर सही नको. निकालाच्या रकमेत टक्केवारी ठरवून फी घेणं वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं.

लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटतं, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून वरचं गणित घरी मांडून मगच आकडा कबूल करा.

निकालानंतर

पैसे ३० दिवसांत जमा व्हायला हवेत. रक्कम कमी वाटली तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं. अज्ञान मुलांचा वाटा सहसा ती सज्ञान होईपर्यंत बँकेत मुदत ठेवीत ठेवायला सांगतात. मधेच कॉलेजची फी किंवा आजारपण निघालं, तर न्यायाधिकरणाकडे खर्चाच्या पावत्यांसह अर्ज करून त्यातले पैसे काढायची परवानगी मागता येते.